रास किती झाली?

शंकूचं घनफळ तुम्हाला येतं का? येणारच. एक तृतीयांश पाय आर वर्ग एच. मलाही यायचं, कॉन्व्हेंटमध्ये त्या धड्याला मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पण दिवाळीनंतर गावी गेलो तेव्हा खळ्यावर धानाची रास पडली होती. आजोबा म्हणाले, "इंजिनेर होऊन राहिला ना तू, मंग सांग, किती होईन?"

मी गप्प. सूत्राला त्रिज्या हवी, आणि ती तर राशीच्या पोटात! आजोबांनी नुसत्या नजरेने सांगितलं, बारा-तेरा क्विंटल.

हॉस्टेलला परत आल्यावर भास्कराचार्यांची 'लीलावती' मराठी भाषांतरात वाचली. 1150 च्या सुमाराचा हा ग्रंथ, आणि त्यात धान्याच्या राशीवर वेगळं प्रकरणच आहे. राशीचा परिघ मोजा, त्याचा सहावा भाग घ्या, वर्ग करा, उंचीने गुणा. त्रिज्या लागतच नाही, दोरी फिरवली की झालं. उंचीचाही अंदाज दिला आहे : जाड दाण्याची रास परिघाच्या दहाव्या भागाइतकी उंच, बारीक दाण्याची अकराव्या, आणि कुसळवाल्या धान्याची, म्हणजे आपल्या धानाची, नवव्या. सिव्हिलवाल्यांनी ओळखलं असेल, हा तर अँगल ऑफ रिपोज! नवव्या भागाने उतार साधारण 35 अंश येतो.

आमच्या राशीचा परिघ घरून मोजून मागवला. 9 मीटर, उंची 1 मीटरच्या आसपास. दीडाचा वर्ग, सव्वादोन घनमीटर. घनमीटरला धान साधारण पावणेसहाशे किलो धरलं तर तेरा क्विंटलला थोडं कमी. पुस्तकातल्या सूत्राने सव्वाबाराच्या वर. आजोबा दोन्हींच्या मधोमध! हा पाच टक्क्यांचा फरक पायमुळे येतो, कारण राशीच्या हिशेबात पाय सरळ 3 धरला आहे. भास्कराचार्यांना माहीत नव्हतं असं नाही, 3927 भागिले 1250 ही किंमत त्याच ग्रंथात आहे. पण रास काही कंपासने काढलेली नसते. आपण मात्र दहा टक्के चुकीच्या मापावर कॅल्क्युलेटरने चार दशांश स्थळं काढतो.

माझं म्हणणं एवढंच की शाळेत हा धडा उलट्या बाजूने शिकवतात. आठवीत सिलिंडर पाठ, नववीत कोन आणि स्फिअर पाठ. तो एक तृतीयांश कुठून आला हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एक शंकू तीनदा तांदळाने भरून त्याच तळाच्या, त्याच उंचीच्या डब्यात ओतला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. भंडाऱ्यात तांदळाची कमी आहे का? आणि ज्या गावाची पितळेची भांडी प्रसिद्ध, तिथल्या पोरांना गोलाचं घनफळ गुंडीत पाणी मोजून का शिकवू नये? गुंडी पूर्ण गोल नसते, उत्तर चुकेल. चुकू दे, किती आणि का चुकलं ते शोधतील.

मराठी शब्दांनीही मला इथे मदत केली, हे कॉन्व्हेंटवाल्याने कबूल करायला हवं. सिलिंडरला वृत्तचिती म्हणतात हे कळल्यावर हसलो होतो. मग लक्षात आलं, चिती म्हणजे रचलेला ढीग. वर्तुळावर वर्तुळ रचत गेलो की वृत्तचिती! तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, सूत्र नावातच आहे.

यंदाच्या एन.एस.एस. कॅम्पला मी वीस मीटर दोरी नेणार आहे. गावच्या शाळेतल्या पोरांना थेट खळ्यावर न्यायचं, आधी त्यांच्या आजोबांचा अंदाज लिहून घ्यायचा, मग दोरी फिरवायची. कोण येतं बोला. भिंतीला टेकलेली रास असेल तर परिघ दुप्पट धरायचा आणि उत्तर निम्मं करायचं, कोपऱ्यातली असेल तर चौपट आणि पाव. तेही 'लीलावती'त आहे.