चुडाव्याची भेंडी आणि एक वही

पूर्णा-नांदेड लोहमार्गावर चुडावा नांवाचें गांव आहे. ज्या जिल्ह्यांत तें वसलें आहे, त्याचें नांव एका भेंडीनें सर्व देशांत नेलें. १९७२ सालीं स्थापन झालेल्या परभणीच्या कृषि विद्यापीठानें पुढच्या दशकांत ‘परभणी क्रांती’ ही जात सिद्ध केली. पानांच्या शिरा पिवळ्या करणारा हळद्या रोग पांढऱ्या माशीमुळें पसरतो. त्याला दाद न देणारी म्हणून गाजलेली ‘पुसा सावनी’ कालांतरानें हतबल झाली, तेव्हां एका रानटी भेंडीशीं तिचा संकर करून ही जात काढण्यांत आली. परंतु ज्या रोगानें पहिली जात जिंकली, तो दुसरीपुढें कायमचा नमून राहील असें मानणें भोळेपणाचें होतें. आणि अनेक ठिकाणीं तो तसा राहिलाही नाहीं.

जातीची शक्ति ओसरूं लागते ती प्रथम शेतांत दिसते; पण दिसलेलें टिपून ठेवणारा तेथें कोणी नसतो. आमचा शेतकरी दुकानदाराच्या शब्दावर संबंध रानांत नवें बियाणें पेरतो. पीक बरें आलें, तर तें बियाण्यानें आलें कीं पावसानें, हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं! आणि बुडालें तर बुडतो तो एकटा शेतकरीच.

यावर उपाय एका गुंठ्याचा आहे. म्हणजे एकराचा चाळिसावा हिस्सा. त्याचे आठ सारखे वाफे पाडावे. चारांत जुनें बियाणें लावावें, चारांत नवें. कोठें कोणतें, हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. कारण बांधाकडची ओल व मधली जमीन सारखी नसते, आणि आवडत्या बियाण्यास चांगला वाफा देण्याचा मोह मनुष्यमात्रास होतो. प्रत्येक वाफ्यांतील पांच झाडांस दोरा बांधून दर आठवड्यास उंची मोजावी. पहिलें फूल व पहिली पिवळी शीर कोणत्या दिवशीं दिसली तें लिहावें. दर तोड्यास वाफ्यावार वजन करावें. पानसे व सुखात्मे यांनीं १९५४ सालीं कृषिसंशोधकांकरितां जो संख्याशास्त्राचा ग्रंथ लिहिला, त्यांतील प्रयोगाचीं मूलतत्त्वें हींच होत.

तोडणी बहुधा बायकाच करतात. पिवळी शीर प्रथम त्यांनाच दिसते. तेव्हां वही त्यांच्याच हातीं असावी. ‘बायकांस हिशेब काय कळतो’ म्हणणारांनीं बाजाराच्या दिवशीं त्यांच्याशीं घासाघीस करून पाहावी.

हंगाम संपतांच सहायक कृषि अधिकाऱ्यानें ह्या वह्या परभणीस न्याव्या, आणि विद्यापीठानें आपलें मत त्याच वहींत, पुढल्या पेरणीपूर्वीं, मराठींत लिहून परत पाठवावें.