यंत्राचा इशारा आणि चालकाचा विवेक

युरोपीय संघात ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा बंधनकारक झाली आहे. पुढच्या काचेमागील कॅमेरा रस्त्याकडेचे फलक वाचतो, उपग्रहावरून मोटारीचे स्थान कळते आणि संगणकीय नकाशातून तेथील मर्यादा शोधली जाते. मर्यादा ओलांडली की इशारा मिळतो. माणसांचे प्राण वाचवण्याचा हा हेतू स्तुत्यच आहे. प्रश्न आहे तो विश्वासार्हतेचा.

मान्यतेसाठी लावलेली कसोटीच पाहा. चाचणीतील एकूण अंतरापैकी किमान ९० टक्के अंतरात यंत्रणेने मर्यादा अचूक ओळखावी, अशी अट आहे. म्हणजे शंभर किलोमीटरांत दहा किलोमीटर चुकूनही यंत्रणा उत्तीर्ण! ते दहा किलोमीटर शाळेसमोरचे असले तर?

चुकण्याची कारणे अगदी साधी आहेत. जर्मनीत काही बसगाड्यांच्या पाठीवर त्यांच्या स्वतःच्या मर्यादेचा '१००' हा आकडा असतो. कॅमेरा तो रस्त्याचा फलक समजू शकतो. महामार्गातून फुटणाऱ्या वाटेवरील मर्यादा सरळ जाणाऱ्यालाही लागू केली जाते. 'फक्त पावसात' किंवा 'अमुक वेळेत' ही फलकाखालची सूचना निसटते. नकाशाचीही तीच गत. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ रोजी वस्तीतील बहुतेक रस्त्यांवरची मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० झाली. ज्या मोटारीचा नकाशा जुना, तिच्या लेखी ती ३०च राहिली. २०२० मध्ये अमेरिकेतील सुरक्षा संशोधकांनी '३५'च्या फलकावर काळ्या चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावला, तेव्हा २०१६ सालच्या टेस्ला मोटारीने तो आकडा '८५' असा वाचला. दोन बोटांच्या पट्टीने यंत्राची बुद्धी फिरावी, याला काय म्हणावे?

म्हणूनच युरोपीय नियमांनीही अंतिम अधिकार चालकाकडेच ठेवला आहे. तो इशारा डावलू शकतो, यंत्रणा बंदही करू शकतो. मात्र मोटार पुन्हा सुरू करताच ती आपोआप जागी होते. यातील दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. वारंवार खोटा ठरणारा इशारा माणूस ऐकेनासा होतो आणि मग खरा इशाराही वाया जातो.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ताशी ८० किलोमीटरला अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी घंटा सक्तीची आहे. रस्ता कोणता, मर्यादा किती, हे तिला ठाऊक नसते. गावातील अरुंद रस्त्यावर कोणी ७० च्या वेगाने निघाला तरी ती मौनच पाळते. उद्या फलक वाचणाऱ्या मोटारी आपल्याकडे सर्रास आल्या, तर त्या वाचणार काय? फांद्यांआड दडलेला, जाहिरातींनी झाकलेला, रंग उडालेला फलक ना माणसाला दिसतो, ना कॅमेऱ्याला. एकाच रस्त्यावर मोटार आणि मालमोटार यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, तेथे तर घोटाळा ठरलेलाच.

तेव्हा क्रम स्पष्ट असावा. आधी स्वच्छ व सुसंगत फलक, वेळोवेळी सुधारलेले नकाशे, आणि मग यंत्र. यंत्राने जरूर सोबत करावी. पण 'गाडीने सांगितले नाही' ही सबब ना न्यायालयात टिकेल, ना अपघातात आपला माणूस गमावलेल्या घरासमोर. चाकावर ज्याचे हात, त्याचीच जबाबदारी.