मोजणीच्या आधी वनखात्याला विचारा

2019 च्या जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचा माग कळत राहिला. आदिलाबाद, नांदेड, पैनगंगा अभयारण्य, पुसद, इसापूर आणि मग हिंगोली. पुढे वाशीम, अकोला करत 1 डिसेंबरला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत 1,300 किलोमीटरहून जास्त चाल! दिवसा ओढ्या-नाल्यांच्या झुडपांत दडायचं आणि अंधार पडला की उभ्या पिकांतून वाट काढायची, असा त्याचा क्रम होता. वन अधिकाऱ्यांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं.

हिंगोलीत दाट जंगल कुठे आहे, मग वन्यजीवांचा प्रश्न कुठून आला, असं सहज बोललं जातं. त्या वाघाने या बोलण्यातली हवाच काढून घेतली. त्याला इथे जंगल नको होतं. त्याला हवी होती जाण्यापुरती वाट, आणि ती त्याला ओढ्यांच्या काठाने, माळांवरून, तुरीच्या आणि कपाशीच्या शेतांतून सापडली. ही वाट कुठल्याही सातबाऱ्यावर नाही. मात्र मधेच चार-सहा पदरी रस्ता आणि त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आलं, तर ती संपते.

असा रस्ता येऊ घातला आहे. नागपूर ते गोवा हा शक्तिपीठ महामार्ग मूळ आखणीत सुमारे 802 किलोमीटरचा आणि बारा जिल्ह्यांतून जाणारा, त्यांत हिंगोली आहे. जमीन जाणार म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले, ते रास्तच आहे. पण या आखणीत वन्यजीवांच्या वाटांचं काय, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. कोल्हापूरकडे विरोध वाढला तेव्हा आखणी बदलण्याची भाषा सरकारनेच केली. म्हणजे नकाशावरची रेघ हलू शकते. माणसांसाठी हलते, तर इसापूरच्या अभयारण्यातून ज्ञानगंगेकडे जाणाऱ्या जनावरांसाठीही ती तपासून बघायला हवी.

कायदा याबाबत मुका नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात काही करायचं तर राज्य आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळांपर्यंत जावं लागतं. व्याघ्र प्रकल्पांना आणि संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या भ्रमणमार्गांसाठीही कलम 38-ओ मध्ये तरतूद आहे. 2006 च्या अधिसूचनेखाली पर्यावरण परवानगी घेताना परिसरात पहिल्या अनुसूचीतले प्राणी आढळले, तर त्यांच्या संवर्धनाचा आराखडा मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मान्य करून घेण्याची अट घातली जाते. काळवीट, लांडगा, बिबट्या, मोर हे सगळे त्याच अनुसूचीत आहेत, आणि मराठवाड्याच्या माळांना यांतलं कुणीच परकं नाही.

अडचण आहे ती क्रमाची. आधी आखणी ठरते, मोजणी होते, दगड रोवले जातात, आणि मग वनखात्याकडे कागद येतो. तोवर खात्याने ‘नाही’ म्हणण्याची वेळ निघून गेलेली असते. उरतं ते दोन मोऱ्या वाढवा, थोडी झाडं लावा एवढंच.

सौर प्रकल्पांत तर हा कागदही फिरत नाही, कारण त्यांना पर्यावरण परवानगीतून सूट आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी आणि गायरानं वापरली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, याला कुणाचाच विरोध नसेल. पण दप्तरात पडीक म्हणून लिहिलेलं गायरान रिकामं नसतं. शेजारच्या अकोला-वाशीमच्या गवती माळांवर तणमोर सापडला आहे. 2021 पासून तो जगभरातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. त्याला झाड लागत नाही, उंच गवत लागतं. हे सांगणारा माणूस वनखात्यातच भेटेल, आणि त्यालाच कुणी विचारत नाही.

आधी विचारलं की काय होतं, याचा धडा औंढा नागनाथला आहे. दुधाळ्याजवळ ‘लायगो’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या, आणि जमीन जराशी थरथरली तरी मोजमाप बिघडतं. म्हणून देशभरातल्या जागा तपासल्या, जमिनीची कंपनं मोजली आणि मगच जागा ठरली. यंत्रासाठी जमिनीला आधी विचारता येतं, तर जिवंत जनावरासाठी का येऊ नये?

उशिरा विचारल्याची किंमत पेंचने दाखवली. नागपूर-जबलपूर महामार्गाचं चौपदरीकरण वाघांच्या वाटेवर आलं आणि काम वर्षानुवर्षं न्यायालयांत अडकलं. शेवटी पेंचमधल्या 16 किलोमीटरच्या टप्प्यात जनावरांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला. त्यांतले सर्वांत लांब पूल 750 मीटरचे आहेत. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा 18 जातींचे प्राणी पुलांखालून जाताना दिसले, आणि त्यांत वाघही होते. म्हणजे उपाय आहे, तो चालतो, आणि आखणीतच धरला तर रस्ताही रखडत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. हिंगोलीतल्या कुठल्याही मोठ्या प्रकल्पाची मोजणी सुरू होण्याआधी वनखात्याचं लेखी मत घ्यावं आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवावं. गायरानावरच्या सौर प्रकल्पांनाही हेच लागू करावं. आणि पर्यावरण परवानगीसाठीच्या जनसुनावणीची नोटीस निघाली की हातात किमान तीस दिवस असतात. पर्यावरणावरील परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत ठेवावा लागतो, सारांश मराठीत द्यावा लागतो. कळमनुरी, औंढा, सेनगाव, वसमत, हिंगोली, प्रत्येक तालुक्यातून दोन-चार माणसांनी जाऊन तो उघडावा, वन्यजीवांच्या प्रकरणात कोणकोणत्या प्राण्यांची नोंद आहे ते बघावं, आणि आपल्या शिवारात पाहिलेलं जनावर त्यात नसेल, तर तारीख आणि ठिकाण घालून लेखी हरकत द्यावी.