गुण नावाला की पुराव्याला?

तुमच्यापैकी काहीजण पुढे महाविद्यालयात रसायनशास्त्र घ्याल. तेथे प्रात्यक्षिक परीक्षेत तुमच्या हाती पांढऱ्या पुडीचा एक कागद येईल. पुडीत दोन सेंद्रिय संयुगे मिसळलेली असतील; ती वेगळी करून ओळखायची. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक, पण शेजारच्या रसायनशाळेत काय चालते ते मला दिसते. कोणी पूड हुंगतो (हे धोक्याचेही आहे), कोणी शेजाऱ्याला खुणेने विचारतो. एकदा नाव कळले, की पाठ केलेली निरीक्षणे उत्तरपत्रिकेत उतरवायची. गुण पूर्ण!

मला हे पटत नाही. समजा, पुडीत बेंझॉइक आम्ल आणि नॅफ्थॅलीन आहे. तीवर खाण्याच्या सोड्याचे द्रावण घाला. बुडबुडे येतात, आम्लाचा क्षार होऊन तो विरघळतो आणि नॅफ्थॅलीन तसेच राहते. ते गाळून घ्या. खाली आलेल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे घातले, की बेंझॉइक आम्लाचा पांढरा साका पुन्हा दिसू लागतो. दोन्ही पदार्थ धुऊन, वाळवून, केशनलिकेत भरून तापवा. नॅफ्थॅलीन ८० अंश सेल्सिअसला वितळते, बेंझॉइक आम्ल १२२ अंशांना.

पण बीटा-नॅफ्थॉलही १२२ अंशांच्या आसपासच वितळते! ते सोड्यात फसफसत नाही, म्हणून आपण फसत नाही. युरिया आणि सिनॅमिक आम्ल ही जोडी तर प्रसिद्धच आहे. दोन्हींचा द्रवणांक सुमारे १३३ अंश; मात्र दोन्ही एकत्र खलून तापवली, तर मिश्रण १०० अंशांच्या आसपासच वितळू लागते. एकात दुसरा पदार्थ मिसळला, की द्रवणांक उतरतो. आइस्क्रीमच्या भांड्याभोवतीच्या बर्फात मीठ घालतात ते याच नियमाच्या आधारावर. म्हणून आपला पदार्थ खात्रीच्या नमुन्यात मिसळून पाहावा. द्रवणांक उतरला नाही, तर दोन्ही एकच. उतरला, तर आपला तर्क चुकला. मोठ्या प्रयोगशाळांत आज हे काम वर्णपटमापक यंत्रे करतात, पण दोन पैशांच्या केशनलिकेची ही कसोटी मला अजूनही फार आवडते.

आता दोन विद्यार्थी पाहा. एकाने बर्नर न पेटवताच '१२२' लिहिले. दुसऱ्याने लिहिले, "११७ ते १२०, पदार्थ नीट वाळला नसावा, बहुधा बेंझॉइक आम्ल." दुसऱ्याचे गुण कापले जातात, आणि पुढच्या वर्षी तोही बर्नर पेटवीत नाही.

शिक्षकबंधूंना माझी एक सूचना आहे. नाव गुप्त ठेवण्याचा खटाटोपच सोडा. फळ्यावर सरळ लिहा : 'बेंझॉइक आम्ल किंवा बीटा-नॅफ्थॉल'. पुडीत यांपैकी काय आहे याला एक गुण द्या, आणि कशावरून याला नऊ.