मोबाइलमधले गाव आणि कोठाराचा हिशेब

सदर : घर आणि मोबाइल



‘फोन बंद असताना माझे गाव जास्त कसे कमावेल?’ हा मुलाचा प्रश्न. ‘या गावापायी फोन रात्री-अपरात्री का वाजतो?’ हा अम्मीचा. घर खामगावचे असो की मेहकरचे, दोन्ही प्रश्न एकाच फोनबद्दल असतात, आणि पुष्कळ घरांत फोन असतोही एकच. त्यावर अब्बूंच्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, शाळेचा अभ्यास येतो, परगावी कामाला गेलेल्या मामूंचा व्हिडिओ कॉल येतो. म्हणून या महिन्यात आम्ही दोन्ही प्रश्न एकत्र घेतले आहेत. थोडा हिशेब मांडला की दोघांचे उत्तर एकच निघते.

गाव झोपेत कसे कमावते?

आपल्या पिढीला ठाऊक असलेला खेळ म्हणजे बसून खेळायचा. हे नवे खेळ तसे नाहीत. यात एक रिकामी जागा मिळते. तिथे शेत, गिरणी, बेकरी, दुकाने, घरे बांधायची. प्रत्येक इमारत तासाला ठरावीक नाणी किंवा माल देते. आपण खेळ बंद केला तरी ती देणे थांबत नाही. या प्रकाराला ‘आयडल गेम’ म्हणतात आणि बंद असतानाच्या मिळकतीला ‘ऑफलाइन कमाई’. 2002 मध्ये ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ नावाचा स्वतःच स्वतःला खेळणारा खेळ निव्वळ थट्टा म्हणून आला होता. पुढे 2013 च्या ‘कुकी क्लिकर’ने हा प्रकार जगभर नेला.

यात जादू काही नाही. फोन रात्रभर आत बसून पीठ दळत नाही. खेळ बंद करताना तो वेळ लिहून ठेवतो. पुन्हा उघडला की आताची वेळ पाहतो, मधले तास मोजतो आणि तासांना दराने गुणतो. मजुराची हजेरी लावावी तसे. त्यामुळे खेळ मागे चालू ठेवण्याची, स्क्रीन जागी ठेवण्याची किंवा रात्रभर फोन चार्जिंगला लावून ठेवण्याची काही गरज नसते.

या हजेरीला मात्र दोन अटी असतात. पहिली, काही खेळ गैरहजेरीचा दर कमी धरतात. ‘कुकी क्लिकर’मध्ये तर बंद असतानाची कमाई आधी खेळातूनच मिळवावी लागते, आणि तीही सुरुवातीला नेहमीच्या वेगाच्या 5 टक्केच असते. दुसरी अट मोठी आहे. कोठार भरले की मोजणी थांबते. त्यानंतर तुम्ही दोन तासांनी या की दोन दिवसांनी, मिळणार तेवढेच.

आधी गिरणी की आधी कोठार?

मुले नाणी हातात आली की गिरणी वाढवतात. तासाला जास्त मिळते, आकडा डोळ्यांसमोर चढतो. आम्ही कागदावर मांडून पाहिले.

समजा गिरणी तासाला 120 नाणी देते आणि कोठारात 480 मावतात. म्हणजे कोठार 4 तासांत भरते. मूल 8 तास झोपले तर 480 मिळतात आणि पुढच्या 4 तासांचे 480 बुडतात. आता गिरणी वाढवून तासाला 180 केली. कोठार 2 तास 40 मिनिटांतच भरले. सकाळी मिळाले किती? 480 च. खर्च वाया गेला. उलट गिरणी 120 वरच ठेवून कोठार 960 चे केले, तर सकाळी पूर्ण 960 हातात येतात.

बुलढाणेकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात महामार्गाच्या कामाला लागणारी माती आणि मुरूम तलाव-नाल्यांचे खोलीकरण करून काढला गेला आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले. त्याने पाऊस वाढला नाही, पडलेले पाणी धरून ठेवायची जागा वाढली. पैनगंगेवरचे येळगाव धरण एकदा भरले की वरचे पाणी पुढेच वाहून जाते, मग रात्रभर कितीही पडो. घरातल्या दादीने कणगीत ज्वारी भरलेली असेल तर तिला हा नियम नातवापेक्षा लवकर कळेल : माल किती येतो यापेक्षा ठेवायला जागा किती, हे आधी पाहायचे.

नियम एका ओळीचा आहे. आपण जास्तीत जास्त जितके तास दूर राहतो, तितके तास पुरेल एवढे कोठार हवे. तेवढे होईपर्यंत कोठार वाढवा, मग गिरणी. गिरणी वाढवली की पुन्हा एकदा कोठाराकडे पाहा.

दिवसातून किती वेळा उघडायचे?

हाच हिशेब पुढे नेऊ. गिरणी तासाला 120, म्हणजे 24 तासांची सगळी कमाई 2880. कोठार 10 तासांचे, म्हणजे 1200 चे आहे. मुलाने सकाळी 7, दुपारी 2 आणि रात्री 9 असे तीनदाच गाव उघडले. सकाळ ते दुपार 7 तासांचे 840. दुपार ते रात्र 7 तासांचे 840. रात्र ते सकाळ 10 तासांचे 1200. बेरीज 2880.

दर अर्ध्या तासाला, म्हणजे दिवसातून 48 वेळा खेळ उघडणाऱ्यालाही 2880 च मिळतात. एक नाणे जास्त नाही. कोठार 8 तासांचे असेल तर तीनदा उघडणाऱ्याला 2640 मिळतात, फक्त 240 बुडतात. आणि कोठार 4 तासांचेच राहू दिले तर 1440, म्हणजे निम्मेच. ‘अम्मी, सारखे पाहावे लागते’ असे मूल म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नसते. त्याचे कोठार लहान असते. कोठार मोठे करून दिले की सारखे पाहण्याचे कारणच उरत नाही.

आपल्या घरांत दिवसाचे भाग पाडलेलेच असतात, वेगळे वेळापत्रक करायला नको. फजरची नमाज, तिलावत आणि नाश्ता आटोपल्यावर एकदा, जोहर आणि जेवणानंतर एकदा, ईशानंतर एकदा. प्रत्येक वेळी दहा मिनिटे पुरतात. रमजानमध्ये दिवसाची घडीच बदलते. तेव्हा एकदाच उघडावे किंवा महिनाभर गाव तसेच राहू द्यावे. कोठार भरून थांबेल, आणखी काही होणार नाही.

बंद करण्यापूर्वीची कामे

ऑफलाइन कमाईचे यश खेळ बंद करतानाच्या दोन मिनिटांत ठरते. क्रम असा ठेवावा.

1. सगळ्या इमारतींतला माल गोळा करा. भरलेली जागा रिकामी केल्याशिवाय नवे काही साचणार नाही.

2. आलेली नाणी खर्च करा. खजिन्यालाही मर्यादा असते. तो भरलेला ठेवून झोपलात तर सकाळची वसुली त्यात मावणार नाही.

3. कारागिरांना सर्वांत लांब काम द्या. 20 मिनिटांचे आणि तासाभराचे बांधकाम दिवसा, 8-10 तासांचे रात्री. रात्री तासाभराचे काम दिले तर कारागीर उरलेली रात्र रिकामा बसतो.

4. साखळी तपासा. गहू, पीठ, पाव अशी मालिका असेल तर सर्वांत मंद दुवा शोधा. गिरणीत दोन तासांचाच गहू असेल तर बेकरी कितीही मोठी असून उपयोग नाही. जिनिंगमध्ये कापूसच आला नाही तर यंत्र उभे राहते, तसेच हे. 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. माल पिकत होता, बाजार होता, वाहतुकीचा दुवा अपुरा होता. तो जोडला. मुलाला ही गोष्ट जरूर सांगा. त्याचे मोबाइलमधले गाव आणि आपले खरे गाव एकाच तर्काने वाढतात, हे त्याला आवडेल.

5. शेवटी खेळ नीट बंद करा आणि फोन मोठ्यांच्या हातात द्या.

घंटी, जाहिरात आणि हिरे

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येऊ. तीनदा उघडूनही पूर्ण कमाई होते, मग खेळ दिवसभर घंटी का वाजवतो? कारण तुम्ही आलात की कंपनीला जाहिरात दाखवता येते आणि हिरे विकता येतात. घंटी गावाच्या गरजेची नसते. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या खेळाच्या सूचना पूर्ण बंद करा. गावाच्या कमाईत काडीचा फरक पडत नाही आणि घरातल्यांची झोप वाचते.

‘जाहिरात पाहा, कमाई दुप्पट’ हे आमिषही मोजून पाहावे. रात्रभराच्या 1200 वर दुप्पट म्हणजे अर्ध्या मिनिटात 1200 जास्त. अर्ध्या तासाच्या 60 वर दुप्पट म्हणजे तेवढ्याच वेळात 60. पाहायचीच तर दिवसातून एक, सकाळची, आणि मोठे माणूस शेजारी असताना. कारण जाहिरातीत काय येईल ते आपल्या हातात नसते. पैसे लावायच्या खेळांच्या आणि घरात नको वाटणाऱ्या जाहिरातीही येतात.

हिरे म्हणजे खऱ्या रुपयांनी विकत घेतलेली घाई. 8 तासांचे काम आत्ता पूर्ण. पण या खेळाचा पायाच असा आहे की आपण झोपलो तरी ते काम सकाळी पूर्ण होणारच आहे. जे फुकट होणार त्याला पैसे का द्यायचे? प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय आहे. ती चालू करा. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका, मुलगा कितीही हुशार असला तरी.

नेट नसेल तेव्हा

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, नेट जाते-येते. इथे ‘ऑफलाइन’ शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवावेत. खेळ बंद असतानाची कमाई ही एक गोष्ट, नेटशिवाय खेळ उघडणे ही दुसरी. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’सारखे खेळ नेटशिवाय उघडतच नाहीत, त्यांची मोजणी कंपनीच्या संगणकावर होते. काही खेळ फोनच्याच घड्याळावर चालतात. ते नेट बंद करून खेळता येतात आणि तेव्हा बहुतेक जाहिरातीही येत नाहीत.

घड्याळावर चालणाऱ्या खेळात मुले तारीख पुढे ढकलतात. हे फसवणे आहे, आणि तोट्याचेही आहे. घड्याळ मागे आणले की काही खेळ अडकून बसतात, तारीख चुकली की व्हॉट्सॲप उघडत नाही, फजरचा गजर भलत्या वेळी होतो. सबर शिकवणारा खेळ घाईने खेळण्यात मजा तरी कोणती?

आणखी एक सावधगिरी. फोनची जागा भरली म्हणून कोणी ‘क्लिअर डेटा’ दाबले किंवा खेळ काढून टाकला, तर फोनमध्येच साठवलेले गाव कायमचे जाते. ‘क्लिअर कॅशे’ने सहसा जात नाही. खेळात खाते जोडण्याची सोय असेल तर ते घरातल्या मोठ्यांच्या खात्याला जोडून ठेवा.

कोणता खेळ घरात यावा?

2009 मध्ये आलेल्या ‘फार्मव्हिल’मध्ये वेळेवर कापणी केली नाही तर पीक वाळून जायचे. त्या धास्तीने लोक कामे सोडून शेत पाहायचे. 2012 च्या ‘हे डे’मध्ये पीक वाळत नाही, ते उभे राहून आपली वाट पाहते. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये आपण नसताना दुसरे खेळाडू गावावर हल्ला करून साठा लुटतात. मुलांसाठी निवडताना एवढेच विचारा : आपण दोन दिवस आलो नाही तर हा खेळ शिक्षा करतो का? करत असेल तर तो घरात नको.

पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ हा वेगळाच विषय आहे. तो जुगार आपल्याकडे हराम आहेच, आणि 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने देशातही त्यावर बंदी घातली आहे. गाव बांधायचे खेळ त्यात मोडत नाहीत, कारण त्यातली नाणी बाहेर काढता येत नाहीत. तरी गाव बांधता बांधता ‘इथे पैसे लावा’ असे काही दिसले तर तिथेच थांबावे.

खेळ फक्त मुलांचा असतो असेही नाही. दिवसभराचे काम आटोपून दहा मिनिटे स्वतःचे गाव पाहणाऱ्या अम्मी आणि खाला आहेत, त्यांना कोणी टोमणे मारू नयेत. हिशेब त्यांनाही तोच लागू आहे.

या रविवारी मुलाला वही घेऊन बसवा. तासाचा दर किती, कोठार किती, किती तासांत भरते, आणि आपण सर्वांत जास्त किती तास दूर असतो, हे चार आकडे त्याच्याकडूनच लिहून घ्या. गुणाकार-भागाकाराचा सरावही होईल. मग त्या आकड्यांवरून उघडायच्या तीन वेळा त्यालाच ठरवू द्या आणि तो कागद फोन ठेवायच्या जागी चिकटवा. स्वतः मांडलेला हिशेब मूल मोडत नाही असे नाही, पण आपण ओरडून सांगितलेल्या वेळेपेक्षा तो जास्त पाळते.