आधी आराखडा, मग नारळ



वाचनालयासाठी नवी खोली बांधण्याचा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे. अक्षय्य तृतीयेला नारळ फोडावा, असा बहुतेकांचा मानस आहे. खोली हवीच, पण मुहूर्ताआधी एक कागद तयार झाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेचा अनुभव आठवा. पाया व जोते ३० दिवस, कॉलम-स्लॅब २०, सेंटरिंग उतरेपर्यंत १४, भिंती १४, प्लास्टर १२, फरशी व रंग १८. असे १०८ दिवसांचे काम. खिडक्यांच्या चौकटी तयार व्हायला ४० दिवस लागतात. त्यांची ऑर्डर आपण भिंती उभ्या राहिल्यावर, म्हणजे ७८व्या दिवशी दिली. प्लास्टर अडले, मिस्त्री दुसरीकडे गेले आणि अकरावीच्या मुलांनी पहिल्या सत्राची प्रॅक्टिकल्स व्हरांड्यात केली. ठेकेदाराला दोष देऊन आपण मोकळे झालो. पण ऑर्डर केव्हा द्यायची हे कोणीच लिहून ठेवले नव्हते, आणि देखरेख माझ्याकडे होती.

यावर शास्त्र आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने कारखान्यांच्या कामासाठी 'सीपीएम' ही पद्धत तयार केली. पुढच्याच वर्षी तिथल्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' आणली. दोन्हींत कामांचे जाळे काढतात. कोणते काम कोणत्या कामानंतरच होऊ शकते, हे बाणांनी दाखवायचे, प्रत्येकावर दिवस लिहायचे आणि सर्वांत लांब वाट शोधायची. ती 'क्रिटिकल पाथ'. तिच्यावरचा एक दिवस चुकला की सगळे काम एक दिवस लांबते. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. खिडक्यांना ३८ दिवसांची सवड होती. ती आपण झोपेत घालवली.

विद्यार्थी मित्रांनो, हे तुमच्या घरीही चालते. पुरणाची डाळ शिजते तोवर आई कणीक भिजवते. डाळ शिजल्यावर कणकेचा डबा शोधणारी आई पाहिली आहे का?

लांब वाट नेहमी मोठ्या कामाचीच असते असे नाही. कोकण रेल्वेचे काम १९९० मध्ये सुरू झाले. नव्वदहून अधिक बोगदे खोदायचे होते. कठीण खडकातले पुढे गेले, पण गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यातील मऊ, ओल्या मातीने शेवटपर्यंत छळले. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावली. शेकडो किलोमीटर रूळ तयार असून उपयोग काय, मधला एक बोगदा बाकी असेल तर?

काही जण म्हणतील, एका खोलीसाठी एवढे शास्त्र कशाला? उत्तर सोपे आहे. मोठ्या कंपनीला उशीर झाला तर तिचे पैसे जातात; आपल्याकडे मुलांचे सत्र जाते, आणि ते परत मिळत नाही. शिवाय हा आराखडा एका चार्ट पेपरवर मावतो. नववी-दहावीची मुले गणिताच्या तासाला तो काढू शकतील.

आता मुहूर्ताचे. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मे महिन्यात येते. तेव्हापासून १०८ दिवस मोजले तर ऑगस्ट उजाडतो, आणि स्लॅबची वेळ नेमकी पावसाच्या तोंडावर येते. एक मार्चला काम सुरू केले तर सोळा जूनपर्यंत आटोपते. ते जमणार नसेल तर दिवाळीनंतर सुरू करावे. श्रद्धेला माझा विरोध नाही; पंचांगात मार्चमध्येही चांगले दिवस असतात.

विश्वस्तांना आणखी एक नम्र विनंती. बिलांची मंजुरी हेही जाळ्यातले एक काम आहे. मागच्या वेळी एका सहीसाठी दोन बैठका लोटल्या. त्या सहीलाही चार्टवर बाण आणि तारीख द्यावी.

चार्ट सूचनाफलकावर लावू. पालकांनी येता-जाता तारखा पाहाव्यात आणि काम मागे पडले तर मला विचारावे. पहिला जाब माझाच असेल.

आपला,
प्राचार्य