मधुचंद्राची तजवीज
वैशाखातील मुहूर्तावर विवाहबद्ध होऊन तडक जपानास प्रयाण करण्याची तजवीज बडोद्याच्या दांडिया बाजारातील जी नवदांपत्ये करीत आहेत, त्यांच्या ध्यानी बहुधा नसेल की याच बडोद्याचे अधिपती श्रीमंत सयाजीराव महाराज व महाराणी चिमणाबाई हे 1910 साली, म्हणजे विवाहास पंचवीस वर्षे होत आल्यावर, त्या देशी जाऊन आले होते. महाराजांची ख्याती पाहता त्या प्रवासात चांदण्यापेक्षा शाळा-कारखान्यांचीच पाहणी अधिक झाली असावी. आजच्या जोडप्याने मात्र वैशाखाचा हट्ट सोडावा, कारण क्योतोचा साकुरा मार्चअखेरीस उमलून एप्रिलच्या पूर्वार्धातच गळतो, मेच्या आरंभी सुट्ट्यांमुळे आगगाड्यांत मुंगीलाही वाट मिळू नये अशी गर्दी उसळते, आणि जूनमध्ये तेथेही पावसाळाच लागतो. सबब तुळशीच्या लग्नानंतर लगोलग बार उडवून नोव्हेंबरअखेरीची आरक्त मेपलपर्णे गाठणे हेच श्रेयस्कर. हाकोनेच्या उष्ण झऱ्यांच्या वर्णनाने हरखलेल्यांस एवढे सांगणे प्राप्त आहे की तेथील सार्वजनिक स्नानगृहांत स्त्री-पुरुषांची व्यवस्था सामान्यतः पृथक् असते, आणि एकांत हवा असल्यास खासगी कुंडाचा बंदोबस्त आगाऊच करावा लागतो. शाकाहारी वधूची अडचण याहून सूक्ष्म: निव्वळ भाजीचे म्हणून वाढलेल्या सारातही सुक्या माशाचा अर्क बहुधा असतोच, तेव्हा कोया पर्वतावरील बौद्ध मठांत, जेथे निरामिष भोजन व मुक्काम दोन्ही मिळतात, एखाददुसरी रात्र काढावी, मात्र तेथे पहाटेच्या प्रार्थनेचाही परिपाठ आहे, हे वराच्या कानी आधी घालू नये.